राखाडी घोंगडीतले संत

गुरुवार, २ ऑक्टोबर

उद्या धुराडे साफ करणारा येणार. शेकोटीवरच्या फळीवर द्राक्षमळेवाल्यांचे कैवारी संत व्हँसाँ लाकडी मूर्तीच्या रूपात उभे आहेत. त्यांच्या अंगावर काजळी बसू नये म्हणून आज दुपारी त्यांना खाली उतरवले. लाकूड दिसते त्याहून जड आहे. एतियेन असता तर त्याने एका हाताने उचलले असते. ट्रॅक्टर उलटून माझा मुलगा गेला, त्याला आता चौथा हिवाळा येईल.

गेल्या जानेवारीत रॅबिएंच्या घरून संत आमच्याकडे आले. येत्या बावीस जानेवारीला, त्यांच्या सणादिवशी, ते पुढच्या घरी जातील. द्राक्षमळेवाल्यांच्या मंडळाच्या या फेऱ्यात आमचे घर माझ्या पणजोबांपासून आहे, आणि मूर्तीच्या बोटाचा टवकाही आजवर आमच्या छपराखाली उडालेला नाही.

राखाडी घोंगडीत त्यांना गुंडाळले. कपाटात ठेवायचे होते, पण किल्ली माझ्या सुनेकडे, मारीझकडे, आणि मारीझ तळघरात. म्हणून तूर्तास सफरचंदांच्या एका रिकाम्या पेटीत निजवले, आणि पेटी जिन्यावरून कलंडली तरी ते घरंगळू नयेत यासाठी वेदीसेवकाच्या झग्याची जुनी कमरदोरी पेटीच्या फळ्यांतून ओवून माझी गाठ मारली. वेढे उलटे घ्यायचे आणि टोक आत लपवायचे. धर्मगुरू घडवणाऱ्या सेमिनरीत तरुणपणी शिकलेली ही गाठ मी शाळेत कित्येकांना शिकवली; लॅटिनप्रमाणेच तीही कुणाला आली नाही. मारीझला तर नाहीच. ती द्राक्षवेली बांधते तेव्हा मी नजर दुसरीकडे वळवतो. वरून जुने पडदे पसरले. पेटी माळ्याच्या जिन्याच्या माथ्यावर आहे. उद्या पेटीसकट कपाटात ठेवीन.

शनिवार, ४ ऑक्टोबर

धुराडे स्वच्छ झाले, घर मात्र काळे झाले. त्यातच उद्या गावाचा अडगळीचा बाजार. प्रत्येक घर आपला माळा रस्त्यावर आणून मांडणार. मारीझ सकाळपासून वरखाली करते आहे.

मी वाचीत बसलो असता ती दारात आली. "बाबा, जिन्याच्या माथ्यावर पेट्या रचल्यात. त्यातलं काय न्यायचं?"

"सगळे ने."

"सगळं? एकदा बघून तरी द्या."

"मी पाहिलेले आहे, मारीझ. तिथे ठेवण्यासारखे काहीही नाही."

तिने मान हलवली आणि गेली. माझ्या डोक्यात दुसरेच होते. माझ्याकडे एका जुन्या लॅटिन स्तोत्रसंग्रहाचा पहिला खंड आहे. दुसऱ्याच्या शोधात मी असे कित्येक बाजार पालथे घातले आहेत. उद्या शेजारच्या गावचा पुस्तकवाला येणार असे ऐकतो.

मारीझने मंडळात एतियेनची जागा मागितली आहे. मळा ती एकटीने सांभाळते, हे खरे. पण ती उत्तरेकडच्या कोळशाच्या गावची, आणि मंडळाचा निर्णय जानेवारीत सणाच्या दिवशी होतो. अध्यक्ष लेओन्स रॅबिएंनी माझे मत विचारले होते. मी तिच्या बाजूने बोललो नाही. विरुद्धही बोललो नाही.

रविवार, ५ ऑक्टोबर

दुसरा खंड मिळाला! प्रभूची लीला अगाध आहे.

उजाडण्यापूर्वीच व्यापारी विजेऱ्या घेऊन टेबलांभोवती घिरट्या घालू लागले होते. मांडणी पुरी होण्याआधीच पेट्यांत हात घालायचा, हा त्यांचा जुना खाक्या. फर्नांद रॅबिए, लेओन्सची पत्नी, आपल्या दिवंगत बहिणीच्या टोप्या मांडीत त्यांच्यावर ओरडत होती: "अहो, थांबा की! मेलेल्याच्या अंगावरून ओढताय का?" तिचे टेबल मारीझच्या टेबलाला लागून होते.

देवळातली मिस्सा आटोपून मी बाजार पाहत फिरलो. कानतुटक्या सुपाच्या भांड्यांपासून पिंपांच्या तोट्यांपर्यंत सारा गाव उघड्यावर पसरला होता. एका टेबलावर मला प्राथमिक शाळेची घंटा दिसली आणि तिने मला लहानपणी वर्गातल्या डुलकीतून किती वेळा उठवले, ते आठवले. वस्तू अशा उन्हात मांडल्या की लाजल्यासारख्या दिसतात. पुस्तकवाल्याच्या गाड्यापाशी मात्र मी थांबलो. कापडी बांधणी, कडेला तेच सोनेरी वेलीचे चित्र. मी घासाघीसही केली नाही.

खंड उघडा धरूनच मारीझच्या टेबलापाशी आलो. तिथे एक उंच गृहस्थ आमच्या पेटीतले पडदे बोटांनी चाचपत होता. खुर्च्या मढवण्याचा त्याचा धंदा. त्याच्यासोबत एक कान पांढरा असलेला कुत्रा होता, आणि त्या कुत्र्याला त्याने 'बिशप' अशी हाक मारली! मी कपाळाला आठी घातली.

"पडदे बरे आहेत," तो म्हणाला. "खाली काय आहे?"

"घोंगडी दिसतेय एक," मारीझ म्हणाली. "बांधून ठेवलीय. बाबा, हे काय आहे हो?"

मी एकशे अठराव्या स्तोत्रात होतो. "जे आहे ते असू दे. घेऊन जा," मी म्हणालो.

बिचारा एकटाच होता, म्हणून पेटीची एक बाजू मी धरली आणि ती त्याच्या गाडीत चढवायला मदत केली. "मास्तर, चिंध्यांना एवढं वजन?" तो हसून म्हणाला. मीही हसलो आणि म्हणालो, "जुन्या घराच्या चिंध्या आहेत, बाबा." ओझे वाहणाऱ्याला हात द्यावा, अशी आज्ञाच आहे. दिवस धन्य झाला.

सोमवार, ६ ऑक्टोबर

संत नाहीत.

सकाळी फळी पुसली, मेणबत्ती ठेवली, कपाट उघडले. आत एतियेनचे कोट टांगलेले, आणि खाली रिकामी जागा.

मी त्यांना कपाटात ठेवले होते. मला ते डोळ्यांसमोर दिसते: माझे हात, ते दार, ती किल्ली. मारीझला बोलावले. तिने रिकाम्या जागेकडे पाहिले.

"घोंगडी राखाडी होती का, बाबा?"

"तुला कसे ठाऊक?"

ती जिन्याकडे पाहत राहिली. मग सारे माझ्या लक्षात आले. कोट टांगायला जागा हवी म्हणून हिनेच मूर्ती कपाटातून काढून त्या पेटीत घातली, आणि नंतर विसरली. मी तसे तिला स्पष्ट विचारले. तिने तोंड उघडले, माझ्याकडे फार वेळ पाहिले, आणि म्हणाली, "असेल. माझ्याच हातून झालं असेल."

'असेल'! अपराध कबूल करायलाही धैर्य लागते.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

त्या मनुष्याचे नाव कुणाला ठाऊक नाही. पुस्तकवाल्याला विचारले, तोट्यावाल्याला विचारले. "कुत्र्याचं नाव बिशप? हो हो, बघितलाय," एवढेच सारे म्हणतात. लेओन्सला अजून सांगितलेले नाही. फर्नांद दारावरून गेली की मी खिडकीचा पडदा ओढतो. मारीझ सूप पुढे ठेवते आणि तसेच उचलून नेते.

मागील पाने उलटून वाचायची मला सवय नाही. कबुलीजबाब दिल्यावर पापे पुन्हा मोजू नयेत, तसेच हे. पण कधी कधी वाटते, त्या गुरुवारी मी मूर्ती कशी ठेवली, हे एकदा पाहावे. नको. मला ठाऊक आहे.

रविवार, १९ ऑक्टोबर

मारीझबरोबर नदीकाठच्या गावाच्या बाजाराला गेलो. असे बाजार मी आयुष्यभर आनंदाने हिंडलो. आज प्रत्येक टेबलाखाली वाकून पाहत होतो. लोक किटल्या उचलून बुडे पाहत होते, बाहुल्यांचे हात फिरवत होते, आणि मला त्या प्रत्येक हाताचा राग येत होता.

एका गाळ्यावर राखाडी घोंगडी दिसली. आत काहीतरी उभट होते. मी विचारले नाही, सरळ ओढली. दिव्याचा खांब निघाला.

"ओ काका! आपल्या घरचं समजता का?" बाई कडाडली. "चोरायचं असेल तर निदान हळू तरी!"

माझ्या वयाच्या माणसाला, ज्याच्या हाताखालून अर्धा जिल्हा शिकून गेला त्याला, चोर! मारीझ पुढे झाली. "अहो ताई, ते चोर नाहीत. आमची वस्तू चुकून गेलीये, ती शोधतोय." बाई निवळली. तिनेच सांगितले की कुत्रा बाळगणाऱ्या त्या खुर्चीवाल्याचे नाव गास्तों. कडाक्याची थंडी पडली की तो उघड्यावर येत नाही, बंदिस्त सभागृहांतल्या बाजारांना येतो.

परतताना मारीझ म्हणाली, "बाबा, आता दर रविवारी मी एकटी जाईन. तुम्ही मिस्सा चुकवू नका."

मी संमती दिली. प्रायश्चित्ताची ओढ तिच्या आतून आली, हे चांगलेच झाले.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

आज संत मार्टिनचा सण. मंडळ नव्या वाइनचा पहिला पेला संतांपुढे घेते. तो यंदा आमच्या घरी घ्यायचा होता. मी आजारी आहे असा निरोप धाडायचे ठरवले होते. तोवर ते दारात उभे राहिले: लेओन्स, फर्नांद, मागे आणखी मंडळी, हातात पेले.

लेओन्सने फळीकडे पाहिले. मेणबत्ती होती, मूर्ती नव्हती.

"मास्तर, संत कुठंयत?"

मी बोलणार होतो. शब्द जुळवलेले होते. पण जीभ टाळूला चिकटली. अंगात हीव भरले.

"विकले गेले," मारीझ म्हणाली. "अडगळीच्या बाजारात. चूक माझी. बाबांना काहीच माहीत नव्हतं."

पेला ठेवल्याचा आवाज झाला. फर्नांद म्हणाली, "आमच्या घरी वर्षभर होते, माशीसुद्धा बसू दिली नाही मी! आणि ही बया त्यांना जुन्या भांड्यांशेजारी मांडते! कोळशाच्या खाणीत कुठले संत, म्हणा."

"फर्नांद, पुरे." लेओन्स हलक्या आवाजात बोलला, ते अधिक वाईट होते. "सणापर्यंत मूर्ती आली नाही तर हे घर फेऱ्यातून गळेल, मास्तर. मला हे बोलायला आवडत नाही. आणि एतियेनच्या जागेचं म्हणाल तर मूर्ती आली तरीही तो विषय आता संपला. कळलं ना, मारीझ?"

"कळलं."

कुणीही न पिता ते गेले. मारीझने पेले धुतले, मग माझ्या खांद्यावर शाल टाकली. मी तिला म्हणालो, "मी तुला क्षमा केली आहे." प्रभूने सत्तर गुणिले सात वेळा क्षमा करायला सांगितले आहे, मी एकदाच केली, पण मनापासून.

ती म्हणाली, "बरं, बाबा."

रविवार, ३० नोव्हेंबर

नाताळपूर्वीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार. देवळात मारीझच्या जागेवर कुणी बसले नाही. ती पहाटेच गाडी घेऊन गेली होती. फर्नांद मागच्या बाकावरून कुजबुजली, मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने: "तोंड दाखवायची लाज वाटत असेल."

संध्याकाळी रिकाम्या हाताने आली. बोटे थंडीने फुटलेली. मी म्हटले, मलम लाव. पाव तिने पुन्हा उभा कापला होता. आडवा कापावा, हे मी किती वेळा सांगितले आहे.

जेवताना शास्त्रातली ती परदेशी विधवा सून आठवली, जी नवरा मेल्यावरही सासूला सोडून गेली नाही, आणि परक्या शेतात कणसे वेचून तिला खाऊ घालत राहिली. अशा स्त्रिया आता जन्माला येत नाहीत.

रविवार, २१ डिसेंबर

नाहीत. गास्तों एका सभागृहात येऊन गेला होता म्हणे, मारीझ पोचायच्या आदल्या आठवड्यात. लेओन्स रस्त्यात भेटला, टोपीला हात लावला, थांबला नाही.

नाताळला आमच्या गव्हाणीचा देखावा मांडायला मला उत्साह नाही. फळीकडे पाहवत नाही. पणजोबांना मी काय तोंड दाखवू?

रविवार, ११ जानेवारी

दुपारी अंगणात गाडी थांबली. मारीझ बूट न काढताच आत आली. हातात पेटी. सफरचंदांचीच पेटी.

"मिळाले, बाबा."

मी खुर्चीतच पुस्तक मिटले. ती पेटी माझ्या पायांपाशी ठेवून जमिनीवर बसली, आणि हसू लागली. चार हिवाळ्यांत मी तिला असे हसताना पाहिले नव्हते.

"पडदे गास्तोंने खुर्च्यांना लावले. आणि पेटी, ऐका हं, पेटी कुत्र्याला दिली झोपायला! घोंगडी मऊ, म्हणून तशीच राहू दिली. मला म्हणाला, 'ताई, घेऊन जा. पण बिशपला विचारा आधी.' आणि तो कुत्रा उठेचना! गुरगुरत होता. सॉसेजचा तुकडा दिला तेव्हा हलला."

संत व्हँसाँच्या देहाचे रक्षण एका कावळ्याने केले, श्वापदांना त्याच्याजवळ फिरकू दिले नाही, असे परंपरा सांगते. यंदा ती सेवा एका कुत्र्याने केली. मीही हसलो. गुडघे टेकले, घोंगडीवरचे कुत्र्याचे केस झटकले, आणि दोरी सोडायला हात घातला.

गाठ माझी होती.

वेढे उलटे, टोक आत. दोरी पेटीच्या फळ्यांतून ओवलेली. कुणी तिला स्पर्शही केलेला नव्हता. या घरातच काय, या गावात ही गाठ दुसऱ्या कुणाला येत नाही. आणि ती घोंगडीला नुसती मारलेली नव्हती. तिने घोंगडी पेटीला बांधलेली होती.

मी कितीतरी वेळ गाठीवर बोट ठेवून होतो. मारीझचे हसणे थांबले. मी तिच्याकडे पाहिले नाही.

"मी सोडू का?" तिने विचारले.

"नको. मी सोडतो."

गुरुवार, १५ जानेवारी

संत फळीवर उभे आहेत. मारीझ छाटणीला मळ्यात आहे. लेओन्स येऊन पाहून गेला. "घर वाचलं, मास्तर," म्हणाला आणि मला मिठी मारली. मारीझचे नाव निघाले नाही. मी काढले नाही.

बोलायला हवे होते.

काल जेवताना मी तिला म्हणालो, "मारीझ, त्या दिवशी तू..." ती म्हणाली, "सूप निवतंय, बाबा."

सोमवार, १९ जानेवारी

आज पुन्हा बोललो नाही. उपास केला. उपास सोपा असतो.

गुरुवार, २२ जानेवारी

पहाटेपासून बर्फ. सारे मंडळ आमच्या अंगणात जमले. इथून संतांना खांद्यावरून खालच्या आळीत, प्रोस्पेरच्या घरी न्यायचे होते. रीतीप्रमाणे निघण्यापूर्वी ज्याच्या घरी वर्षभर मूर्ती राहिली त्याने संतांची कथा सांगायची असते. ती मला मुखोद्गत आहे. वर्गात मी ती डोळे मिटून सांगत असे.

मी सुरुवात केली. व्हँसाँ हा तरुण उपयाजक, म्हणजे बिशपचा मदतनीस. त्याचा बिशप वृद्ध आणि विद्वान, पण बोलताना अडखळणारा. दोघांनाही धरून न्यायासनासमोर उभे केले. बिशपला शब्द फुटेना. तेव्हा व्हँसाँने त्याच्या वतीने तोंड उघडले, आणि...

आणि इथे मी थांबलो. हे वाक्य मी जन्मभर उच्चारले आहे, आणि आज ते माझ्याच शेकोटीपाशी माझ्या वतीने बोललेल्या, माझ्याच खांद्यावर शाल टाकणाऱ्या स्त्रीचे निघाले. मारीझ दाराला टेकून उभी होती, ओले हातमोजे हातात.

"आणि शिक्षा त्याने भोगली," मी म्हणालो. "बिशप दूर देशी गेला आणि म्हातारा होऊन सुखाने मेला. लेओन्स, पेटीला दोरी मी बांधली होती. पेटी जिन्याच्या माथ्यावर मीच ठेवली. सगळे ने, असे हिला मीच सांगितले. आत काय आहे असे तिने मला सर्वांदेखत विचारले, तेव्हा मी पुस्तक वाचत होतो, आणि घेऊन जा, असे म्हणालो. मारीझने काहीही विकले नाही. तिने आणले फक्त."

बर्फ पडत राहिला.

"अगो बाई," फर्नांद म्हणाली. "म्हणजे मास्तर, संताला कुत्र्याच्या उशाला तुम्हीच धाडलंत?"

"होय, फर्नांद. त्या गृहस्थाला गाडीत चढवायला हातही मीच दिला."

मागे कुणाला तरी हसू आवरले नाही; मग आणखी एकाला. फर्नांद हसली नाही. ती बर्फातून मारीझकडे गेली. "आणि तू गं? इतकं ऐकून घेतलंस माझं! बोलायचं नाही होय?"

मारीझने खांदे उडवले. "बाबांना थंडी वाजत होती," ती म्हणाली.

लेओन्स पुढे झाला. मग मूर्ती वाहून नेण्याच्या चौथऱ्याचा पुढचा दांडा, जो एतियेन धरीत असे आणि तो गेल्यापासून लेओन्स स्वतः धरतो, त्याने तिच्यासाठी मोकळा सोडला. "ये, मारीझ," तो म्हणाला. "उतार आहे. बर्फ आहे. पाय जपून टाक."

निघण्यापूर्वी मूर्तीवर घोंगडी घालून ती चौथऱ्याला बांधायची होती. मारीझने माझ्यापुढे हात केला. मी कमरदोरी दिली. वेढे तिने सुलटे घेतले, टोक बाहेरच लोंबत राहिले. मी सवयीने तोंड उघडले.

"काय, बाबा?"

"काही नाही, मुली. चल."

खालच्या आळीपर्यंत मी त्या गाठीमागून चालत गेलो. ती माझी नव्हती. सुटलीही नाही.